चिकाचा धनी कोण?

गाय व्याली म्हणजे शेजारीपाजारी दोन गोष्टींची विचारपूस होते. पहिली, कालवड झाली की गोऱ्हा. आणि दुसरी, चीक किती निघाला. वासरू उठून उभे राहिले की नाही, त्याने सड तोंडात धरला की नाही, ही चौकशी त्या मानाने थोडी होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी दुभते जनावर आहे, आणि डेअरीकडून दर दहा दिवसांनी येणाऱ्या पैशांवर कित्येकांच्या लेकरांची शाळा चालते. म्हणून विण्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील ह्या पिवळ्या, दाट दुधावर खरा हक्क कोणाचा, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. तो गोठ्यात उद्भवतो, एवढ्यावरून तो धर्माचा प्रश्न नव्हे असे कोणी समजू नये.

प्रथम चीक म्हणजे काय ते पाहू. मनुष्याच्या गर्भास आईच्या रक्तातील रोगनिवारक द्रव्ये वारेतून पोटातच पुष्कळ अंशी मिळतात. गाय, म्हैस, शेळी व मेंढी ह्यांच्या शरीराची रचना निराळी आहे. त्यांच्या वारेतून ही द्रव्ये पलीकडे जात नाहीत; आणि त्यामुळे वासरू जगात येते ते रोगाच्या पुढे अगदी उघडे असे येते. जे पोटात दिले नाही ते उत्पन्नकर्त्याने कासेत ठेविले आहे. साध्या गाईच्या दुधात शंभर भागांस तीन-सव्वातीन भाग प्रथिन असते. पहिल्या वेळी काढलेल्या चिकात ते सुमारे चौदा भाग असते, आणि त्यातील मोठा हिस्सा ह्या रक्षक द्रव्यांचाच असतो. 'अ' जीवनसत्त्वही त्यात साध्या दुधाच्या कितीतरी पट असते. शिवाय चीक पोटात गेला म्हणजे वासराच्या आतड्यात जन्मापासून साचलेला काळसर चिकट मळ सुखाने बाहेर पडतो, हे आमच्या शेतकरी बंधुभगिनींस पूर्वीपासून ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे, आणि आमच्या सर्व म्हणण्याचा भार तिजवरच आहे. नवजात वासराच्या आतड्यास पहिल्या काही तासांत अशी शक्ती असते की, ही रक्षक द्रव्ये न पचविता जशीच्या तशी ते रक्तात घेते. ही शक्ती जन्मापासूनच उतरणीस लागते. सहा तासांनंतर ती पुष्कळ कमी झालेली असते, आणि चोवीस तासांच्या सुमारास ते द्वार बंद होते. त्यानंतर वासरास घागरभर चीक पाजला तरी त्याचे पोट भरेल, आतड्यातल्या आतड्यात काही थोडा उपयोगही होईल. परंतु रक्तास जे कवच मिळावयाचे ते आता मिळणार नाही. दहा कुमारींच्या दाखल्यात उशिरा आलेल्यांस दार बंद आढळले. तेथे तेल आणावयाची इच्छा नव्हती असे नाही, वेळ गेली होती.

१९२२ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल ह्या दोघा शोधकांनी ह्याविषयी केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी काही वासरांस चीक दिला, काहींस दिला नाही, आणि इतर पोषण केले. ज्यांस चीक मिळाला नाही त्यांपैकी बहुतेक थोड्याच दिवसांत मेली. जे जंतू एरवी निरुपद्रवी, त्यांनीच ह्या वासरांचे प्राण घेतले. आमच्या गोठ्यांतून आठ-दहा दिवसांचे वासरू पांढऱ्या हगवणीने गळते, नाळेत पू होऊन त्याचे सांधे सुजतात, छाती भरते. आणि आपण म्हणतो, दृष्ट लागली, वारे लागले, त्याचे आयुष्यच तेवढे होते. प्रत्येक वेळी कारण हेच असते असे आमचे म्हणणे नाही. ओला गोठा, चिखल, आणि आयोडीन न लावलेली नाळ हीही कारणे आहेतच. तथापि आठव्या दिवसाच्या मरणाचे मूळ पुष्कळदा पहिल्या दिवसाच्या उपासात असते.

आता खरवसाविषयी. चीक गूळ-वेलची घालून उकडला म्हणजे विरजण नसता, चाळण नसता, आपोआप वडीसारखा घट्ट बसतो. हे कशाने होते ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. साधे दूध कितीही तापविले तरी असे बसत नाही. चिकातील जी प्रथिने उष्णतेने गोठतात व खरवसास त्याची घडी देतात, त्यांतच ती रक्षक द्रव्ये असतात. अर्थात वडी जितकी घट्ट बसली तितके वासराचे कवच त्या ताटलीत उतरले असे समजावे. आणि उकडल्यावर त्या द्रव्यांचा रोगनिवारणाच्या कामी काही उपयोग राहिला नाही, तेव्हा ते खाणाऱ्यासही कवच म्हणून लाभत नाहीत. शहरांतून खरवसास मोठी मागणी असल्यामुळे चीक दुधापेक्षा पुष्कळ अधिक दराने विकला जातो. डेअरी तो घेत नाही, कारण तो तापविताच नासतो. पण मिठाईवाला घेतो. खेड्यात तो विकण्यापेक्षा वाटला अधिक जातो, आणि ती रीत आम्हांस प्रिय आहे. पाळकाच्या घरीही चिकाचा तांब्या येतो, आणि तो परत पाठविणारा पाळक आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा ह्या प्रश्नात आम्ही अगदीच नि:स्वार्थ पंच नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खरवस खाणे पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आजची संकरित गाय पहिल्या दिवशी वासरास लागेल त्याहून अधिक चीक देते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर पुष्कळच उरतो. जे उरले ते घरच्यांनी व शेजाऱ्यांनी आनंदाने खावे. प्रश्न क्रमाचा आहे. वासरास किती लागते ह्याचे मापही ठरलेले आहे: जन्मल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत ते पिईल तितका, आणि पहिल्या बारा तासांत सर्व मिळून त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. तीस किलोचे वासरू असेल तर तीन लिटर. दशमांशाचा हिशेब आमच्या वाचकांस नवीन नाही. येथे तो वासरास द्यावयाचा आहे एवढेच.

परंतु पुष्कळ ठिकाणी लोभामुळे नव्हे, तर समजुतीमुळे वासरू उपाशी राहते. वार पडेपर्यंत गाय पिळू नये व वासरू तिला लावू नये, नाहीतर गाय वार टाकीत नाही, असे वडील माणसे सांगतात. त्यांनी हे दुष्टपणाने सांगितले नाही. गाय हाताची जाऊ नये ही त्यांची काळजी आहे. पण शरीरात घडते ते ह्याच्या उलट आहे. वासरू सड ओढू लागले म्हणजे ज्या प्रेरणेने गाय पान्हा सोडते, तीच प्रेरणा तिच्या गर्भाशयास आकुंचित करिते आणि वार सुटण्यास साह्य होते. वार साधारणपणे आठ ते बारा तासांत पडते. कधी अडते, आणि मग एक दिवस-दोन दिवस जातात. तेवढा वेळ वासरू दाव्यास बांधून ठेविले तर त्याचे द्वार बंद झाले. ज्या बाईने उभ्या आयुष्यात शंभर वासरे वाढविली तिच्याशी वाद घालून ही समजूत जाणार नाही. तिच्याच गोठ्यात एका वेतास वासरू आधी लावून पाहावे, आणि वार केव्हा पडते ते तिलाच मोजू द्यावे.

येथपर्यंत ज्ञानाचा विषय झाला. पण ज्यास हे ज्ञान आहे त्याचे कर्तव्य कोणत्या जातीचे आहे? आपल्या भाषेत दान आणि देणे असे दोन शब्द आहेत, आणि दोहोंत मोठे अंतर आहे. दान दात्याच्या इच्छेवर आहे. ते आज दिले नाही, उद्या दिले, तरी ते दानच राहते. देणे तसे नाही. ते ज्याचे त्याचे आहे, आपल्या हाती ते केवळ काही वेळ असते. वासरास चीक पाजणे ही आपण मुक्या प्राण्यावर केलेली दया आहे असे पुष्कळ सज्जन मानितात. आमचे मत असे की ते देणे आहे. गाईची कास जेव्हा भरते तेव्हा आपण तिच्यासाठी काही आणून भरलेली नसते असे नाही. वैरण आपली, पेंड आपली, रात्रीचे जागरण आपले. त्या श्रमांचा मोबदला पुढे दहा महिने आपण घेतोच. परंतु चीक त्या आपल्या वैरणीच्या मोबदल्यात उत्पन्न झालेला नाही. वासरू जन्मणार म्हणूनच तो उत्पन्न झाला, आणि वासरू ज्या तासांत तो घेऊ शकते त्याच तासांत तो सर्वांत दाट असतो. ह्याहून स्पष्ट नाव कोणत्या ठेवीवर लिहिता येईल?

मोशेच्या नियमशास्त्रात मजुराविषयी एक आज्ञा आहे. त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिजकडे लागलेला असतो. रक्कम पूर्ण द्यावी एवढेच सांगून नियमशास्त्र थांबले नाही. वेळही नेमून दिली. ज्याने रोजंदारी केली आहे त्यास ह्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. शनिवारचे पैसे सोमवारी मिळाले तर हिशेब जुळतो, पण रविवारी चूल पेटलेली नसते. चिकाचे देणे ह्याच प्रकारचे आहे, आणि एका बाबतीत अधिक कठोर आहे: मजुरीस उशीर झाला तर पुढे काही भरपाई करिता येते, पण येथे उशिराची भरपाई कोणत्याही व्याजाने होत नाही. पुढे महिनाभर त्या वासरास दूध पाजिले, अंगावर पोते घातले, डॉक्टर आणून सुया टोचविल्या, तरी पहिल्या सहा तासांत जे रोखिले ते परत देता येत नाही.

आता आम्ही त्या ठिकाणी येतो जेथे बोलणे कठीण आहे, म्हणजे गोऱ्ह्याकडे. कालवडीस चीक पाजावा हे पटवून द्यावयास उपदेशकाची गरज नाही. ती लवकर माजावर येईल, अधिक दूध देईल, हे सरकारी पशुवैद्य सांगतात आणि शेतकरी ऐकतो. लाभाचा हा युक्तिवाद खरा आहे, पण तो कालवडीपाशी संपतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम गेले. संकरित गोऱ्हा तर उन्हात औतास फारसा टिकत नाही. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात आली, आणि गाईप्रमाणे बैल व वळू ह्यांच्या कत्तलीसही बंदी झाली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद आम्ही येथे करीत नाही. पण त्यानंतर गोऱ्ह्यास बाजारात गिऱ्हाईक उरले नाही हे सर्वांस दिसते. कायदा सुरीस मना करितो. उपासास त्याने कोठे मना केले आहे? गोऱ्हा झाला म्हणजे त्यास सडाजवळ नेतात, गाईने पान्हा सोडला की ओढून बाजूस बांधितात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो गेला म्हणजे म्हणतात, "आपोआप गेला." म्हशीच्या टोणग्याची गत तर ह्याहून जुनी आहे, त्याच्यासाठी कोणी निमित्तही शोधीत नाही. आणि मग वासरावाचून म्हैस आटते म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभा करितात.

हात न लावता मारणे हे मारणे आहे काय? पुष्कळ जण म्हणतील, आम्ही काहीच केले नाही. हे अक्षरश: खरे आहे, आणि तोच त्यांच्यावरचा आरोप आहे. भुकेल्या भावास ऊब घे, तृप्त हो, असे म्हणून रिकाम्या हाती वाटेस लावणाऱ्याविषयी याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. त्याने तरी निदान गोड शब्द दिले होते. ज्या जनावरास आपण दाव्याने बांधिले, त्याची आई आपल्या ताब्यात, तिची कास आपल्या हातात, ते आपोआप मरत नाही. रानातले हरिणाचे पाडस उपाशी मेले तर त्याचा जाब आपल्यास नाही. दावे ज्याच्या हाती, जाब त्याचा.

ह्या बाबतीत निर्गम व लेवीय ह्या पुस्तकांतील एका आज्ञेकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधितो. गुराचे, मेंढराचे वा बकऱ्याचे पिल्लू जन्मले म्हणजे सात दिवस ते आपल्या आईजवळ असावे, आणि आठव्या दिवसापासून ते अर्पणास चालावे असा तो नियम आहे. उपदेशांत ह्या आज्ञेचा उल्लेख फारसा होत नाही. तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. हे पिल्लू वेदीसाठी आहे. ते वाढणार नाही, दूध देणार नाही, नांगरास जुंपिले जाणार नाही. लाभाच्या दृष्टीने पाहिले तर त्यास सात दिवस आईचे दूध पाजणे हा निव्वळ तोटा. तरीही देवाने स्वत:च्या अर्पणास सात दिवस थांबविले आणि आधी त्यास आईपाशी जाऊ दिले. आमच्या समजुतीप्रमाणे ह्याचा अर्थ असा की, पहिल्या दुधावरचा हक्क त्या पिल्लाच्या पुढील उपयोगावर अवलंबून नाही. ते जन्मले ह्यावर तो अवलंबून आहे. आणि देव जर आपल्या वाट्यासाठी आठवा दिवस येईपर्यंत वाट पाहतो, तर मिठाईवाल्यानेही तीन दिवस पाहण्यास हरकत नसावी.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्ट्यांनी कराराचा कोश दोन नुकत्या व्यालेल्या गाईंच्या गाडीवर ठेविला व त्यांची वासरे घरी कोंडिली, ती कथा आहे. त्या गाई बेथ-शेमेशच्या वाटेने सरळ गेल्या, पण हंबरत गेल्या. इतक्या मोठ्या प्रसंगी लिहिणाऱ्याने ते हंबरणे टिपून ठेविले आहे. याकोबानेही एसावाच्या भेटीनंतर पाजणारी गुरे एक दिवस दामटली तर मरतील म्हणून आपला वेग आवरिला. पवित्र शास्त्र लिहिणाऱ्यांत गुराखीही होते. त्यांस हे आवाज ओळखू येत होते.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. दोन गाईंवर संसार करणारी विधवा विचारील, "पाळकसाहेब, माझ्या लेकराच्या तोंडचे दूध काढून गोऱ्ह्यास घालू काय?" तिला आमचे उत्तर असे की, चिकापुरता हा प्रश्न उद्भवतच नाही. डेअरी तो घेत नाही, तिच्या लेकराचे त्यावाचून अडत नाही, आणि पहिल्या दिवसाचे तीन लिटर वासरास दिल्याने तिची चूल विझत नाही. अडचण पुढे आहे. दोन महिने रोज दोन-तीन लिटर दूध गोऱ्ह्यास पाजणे म्हणजे खरोखर पैसा आहे, आणि हा भार एकट्या तिच्या माथी देऊन व्यासपीठावरून दयेचा उपदेश करणे आम्हांस शोभत नाही. अलीकडे कालवडीच होण्याचा संभव पुष्कळ वाढविणाऱ्या लिंगनिश्चित वीर्यमात्रा दवाखान्यांतून मिळू लागल्या आहेत; दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवड होते. ज्या गोऱ्ह्यास जगविण्याची ऐपत नाही तो जन्मासच येऊ नये ही व्यवस्था करणे उपाशी मारण्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे. पण जो आज पहाटे जन्मला त्याच्या बाबतीत हे उत्तर उपयोगाचे नाही. त्यास चीक तर मिळालाच पाहिजे. आणि पुढे त्याचे काय, ह्याविषयी ज्यांच्या घरी वैरण अधिक आहे त्यांनी त्या बाईजवळ बसून बोलावे. पेरणीच्या वेळी एकमेकांस बैल देणारे लोक आपण आहोत. हेही करिता येईल.

शेवटी पोरक्या वासराविषयी थोडे लिहितो, कारण त्याविषयी विचारणा होते. गाय विताना मेली, किंवा दगडी होऊन कास सुजली, तर गावात त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक मागून आणावा. आणि मागावयास आलेल्यास कोणी नाही म्हणू नये. असा योग नेहमी येत नाही. म्हणून ज्या गावी डेअरीत किंवा कोणाच्या घरी बर्फ जमविणारी पेटी आहे, तेथे तिसऱ्या-चौथ्या वेताच्या निरोगी गाईचा पहिल्या वेळचा उरलेला चीक स्वच्छ बाटल्यांत एकेक लिटर भरून, वर तारीख लिहून ठेवावा. तो वर्षभर टिकतो. लागेल तेव्हा बाटली हात सोसेल न सोसेल अशा कोमट-ऊन पाण्यात उभी करून विरघळवावी. चुलीवर कदापि ठेवू नये, नाहीतर त्याचा खरवस होईल आणि वासरास काहीच मिळणार नाही. वासराच्या अंगाच्या उबेइतका झाला म्हणजे बोटे चोखवीत, मान खाली न दाबिता, हळूहळू पाजावा. मध्यरात्री दार वाजले तरी बाटली कोणाकडून मिळेल हे गावातील सर्वांस आधीच सांगून ठेविलेले बरे.